उसवलेली बाही

दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, शेजारीण फाटकी शाल रफू करायला घेऊन आली असेल. तिने धाडकन दार उघडलं, आणि बाहेरच्या माणसाच्या हातातली बर्फाच्या पाण्याची बादली तिच्याच पायांवर उपडी झाली.

"अगं आई गं! आंघोळ घालायला आलात की काय?"

"नाही... हातवाला आहे मी," तो ओशाळला. "आजपासून ही गल्ली माझी."

तिचं हसू जागच्या जागी गोठलं.

हातवाल्याला भलेभले टरकत. इंधनघर सकाळी घरटी पसाभर कोळसा देई. शिजवा नाहीतर शेका, तुमचं नशीब; दुपारपर्यंत त्याची गार राख. बाकी काडी न काडी, घरातल्या खुर्च्यासुद्धा, इंधनघराची; जाळायची नाही. दुपारी हातवाला यायचा, बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचा आणि शेगडीवर तळवा टेकायचा. गारठलेल्या हातापासून जराशी धगही लपत नाही. लागली, की बाहेरच्या मुकादमाला हाक, आणि घर बंद. समोरचं घर असंच बंद केलेलं. दाराला तार गुंडाळलेली. आतली माणसं बाहेर पडताना कुणी पाहिली नव्हती, आणि तरी खिडकीतला पडदा रोज थोडा सरकलेला असे.

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या गावात भिंतींना तळवे होते.

आणि तिच्या शेगडीत नुकताच खुर्चीचा पाय जळून विझला होता. आतल्या खोलीत आई दम्याने कासावीस. ऊन विटेचा शेक छातीवर असला तरच श्वास धड चाले. खुर्च्या संपत आल्या होत्या, आईचा दमा नाही.

त्याने शेगडीवर हात ठेवला. तिने डोळे मिटले.

"गार," तो म्हणाला आणि गेला.

ती बघतच राहिली. मग डोक्यात उजेड पडला. बादली सांडली होती! हात गारठलाच नव्हता, मग कोमट शेगडी त्याला कशी कळणार?

दुसऱ्या दिवशी त्याने हात बुडवून काढला, तशी ती सुई घेऊन पुढे झाली.

"बाही उसवलीय तुमची. असे हिंडता? घरात कुणी बाईमाणूस नाही वाटतं?"

"नाही... अजून."

"आणा हात इकडे."

तिने त्याचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि शिवण घातली अगदी सावकाश. टाके कमी, धरणं जास्त. हात ऊन झाल्यावरच सोडला. शेगडी गार लागली.

मग रोजच बाही उसवू लागली.

"काल शिवलेली आज कशी हो उसवते?"

"कापड वाईट असेल."

"कापड वाईट, माणूस बरा दिसतो."

"तळव्याला लागतं तेच मी सांगतो हं," तो एकदा हळूच म्हणाला. "खोटं मला जमत नाही."

"मी कुठं सांगितलं खोटं बोलायला?"

तो हसला. कान मात्र लालबुंद.

पण धुराला कोण अडवणार? एके दुपारी मुकादम स्वतःच आत आला. जाड हातमोजे घातलेला. गावात हातमोजे तेवढेच. त्याने नाक वर केलं.

"घाल हात बादलीत. माझ्यासमोर."

बर्फ खळखळला. हात निळा पडून बाहेर आला. पलीकडे आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आता बाहीचं निमित्त काढायची सोय नव्हती. तिने पुढे होऊन तो हात उचलला आणि सरळ आपल्या गालाशी धरला.

"हे काय?" मुकादम गुरकावला.

"आमचं ठरलंय. होणाऱ्या नवऱ्याचा हात असा गारठलेला मला बघवत नाही. तुमच्या घरी बघवत असेल."

मुकादमाच्या तोंडाचा आ वासला. तो मिटेपर्यंत गालाची ऊब तळव्यात उतरली होती.

"ठेव हात!"

त्याने ठेवला. "गार."

"उद्यापासून या घराला दुसरा हात येईल. नातलगाची शेगडी नातलगाने तपासायची नाही." मुकादम पाय आपटत गेला.

"ठरलंय...?" तो पुटपुटला. "मला कधी सांगणार होतीस?"

"तुम्ही घरी जाऊन स्वतःच्या हाताने बाही उसवायला लागलात, तेव्हाच ठरलं. रफू करणारीला उसवलेलं आणि उसवून घेतलेलं कळत नाही होय?"

तेवढ्यात आतून खोकत आई म्हणाली, "जावईबापू, दार लावा. ऊब जाते."

दुसऱ्या दिवशी खुर्ची जाळली नाही. दोघं आईच्या दोन बाजूंना बसले, एकमेकांचे हात चोळून तिच्या छातीवर ठेवत. वीट नव्हती, तरी श्वास चालू होता... हळूहळू, पण चालू.

नवा हातवाला आला. पोक्त, मुका वाटावा असा. शेगडी खरोखरच गार. तरी तो वळला, खाटेपाशी आला, आणि आपला बर्फासारखा तळवा त्या हातांच्या ढिगावर ठेवला. समोरच्या खिडकीतला पडदा सरकला.

"ही धग कुठली?" त्याने विचारलं.

"घरची," ती म्हणाली.

तो मग दाराकडे तोंड करून मुकादमाला ऐकू जाईल असा ओरडला, "गार!"

हात मात्र त्याने काढला नाही.