फरकांक शून्य

"म्हणजे मी बोललेलं पलीकडे जातच नाही?" हवालदार भागवत सणसने विचारलं.

"अंदाजाबाहेरचं तेवढंच जातं," डॉ. फरीदा मुजावर म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी दोन यंत्रं होती. सव्वीस वर्षं लष्कराच्या सिग्नल दलात काढलेल्या सणसला त्यांत बघण्यासारखं काही दिसेना. शेजारी उभा असलेला नाईक लहू पाटोळे मात्र नव्या सायकलकडे बघावं तसा बघत होता. बिनतारी यंत्र हातात कसं धरायचं इथपासून सगळं त्याला सणसने शिकवलं होतं, म्हणून तो सणसला 'उस्ताद' म्हणायचा.

"शत्रू आता शब्द ऐकत बसत नाही," मुजावर सांगू लागल्या. "लहरी कुठून निघाल्या एवढंच शोधतो आणि तिथे तोफगोळा टाकतो. म्हणून लहरी कमीत कमी हव्यात. या दोन्ही यंत्रांत तुम्हा दोघांचे अंदाजक बसवलेत. लहू पुढे काय बोलेल, कोणत्या सुरात बोलेल, याचा अंदाज दोन्ही यंत्रं एकाच वेळी करतात. तो तसंच बोलला तर काही पाठवायचंच नाही. तुमचं यंत्र त्याच्या आवाजात ते स्वतःच बोलेल. वेगळं बोलला, तर फक्त फरक पाठवायचा. किती फरक आला तो आकडा या खिडकीत दिसेल. फरकांक. यंत्र तुम्हाला जसजसं ओळखेल, तसतसा तो उतरेल."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तर अंदाज पूर्ण बरोबर. शून्य आलं की मी पेढे वाटणार."

"मधूनमधून एखादी खूण तरी? माणूस जागेवर असल्याची?"

"ठरावीक वेळी निघणारी खूण सगळ्यात आधी पकडली जाते, हवालदार."

ओळख व्हावी म्हणून तीन महिने दोघांचा शब्द न् शब्द टिपला गेला. सणसचे घरचे फोनसुद्धा. आपण मुलीशी काय बोलतो ते एका डब्याने ऐकावं, हे त्याला मुळीच आवडलं नाही. पण हुकूम तो हुकूम.

ऑक्टोबरात लहू खिंडीपलीकडच्या एका कपारीत एकटा जाऊन बसला. खालच्या पुलावर नजर ठेवायची, एवढंच काम. सणस खिंडीअलीकडे पत्र्याच्या खोपीत, तोही एकटाच. मधल्या कड्यावर लहरी पुढे ढकलणारा एक छोटा पुनर्क्षेपक बसवलेला होता. खालच्या तळावर मेजर चौबळांची सहा जणांची तुकडी थांबली होती. एक दिवस ते सहा जण उतरून पूल उडवणार आणि कौतुक झालंच तर त्यांचं होणार. रस्ता मोकळा आहे की नाही हे सांगणाऱ्यांना कोण विचारतो? सणसला त्याचं काही वाटत नसे. निदान तो तसं म्हणे.

खोपीत वारा, स्टोव्ह आणि लहूचा आवाज, बाकी काही नव्हतं. पहिल्या आठवड्यात फरकांक तीनशेच्या घरात होता. मग चाळीस झाला, मग तीन. आणि एका हिमवादळानंतर शून्य. तळावरून अभिनंदनाचा फोन आला.

"पुलावर दोघे पहारेकरी. रस्ता मोकळा, उस्ताद," लहू रोज सांगायचा. "आज परत डाळच. वैताग आला."

"नखरे पुरे. जेव गपचूप," सणस म्हणायचा.

दुसरं काही बोलायला त्याला जमत नसे. त्या पोराची रोज काळजी वाटायची, पण ती बोलण्यात कधी यायची नाही.

शून्याच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी मेजरांनी तारेच्या फोनवरून कळवलं, "उद्या उतरतोय." त्याच दिवशी रसदीबरोबर घरचं पत्र आलं. शालनने, म्हणजे सणसच्या बायकोने, पन्नाशीला टेकली असताना नवऱ्याला न विचारता स्कूटर घेतली होती. वाईपर्यंत नीट चालवत नेली आणि येताना कुणाच्या तरी कुंपणात घातली. सणस एकटाच मोठ्याने हसला. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही ही बाई त्याला चकित करत होती.

आणि मग त्याचं हसू थांबलं. एकोणीस दिवसांत लहूने एकदाही चकित केलं नव्हतं.

त्याने यंत्र पुढे ओढलं. "लहू, न मोजता मूठभर खडे उचल. मग मोज आणि सांग, एकी की बेकी?"

"आता या वयात चिंचोके खेळणार का, उस्ताद?" लहू हसला. अगदी लहूसारखा. "बरं. एकी."

फरकांक शून्य.

"परत उचल."

"बेकी."

शून्य.

सणसने दहा वेळा विचारलं. मुठीत किती खडे येणार हे खुद्द लहूला ठाऊक नसणार, मग यंत्राला कुठून असेल? चार-पाच अंदाज तरी चुकायलाच हवे होते, आणि प्रत्येक चुकीला आकडा हलायला हवा होता. दहाही बरोबर येणं हजारातून एकदा घडेल. आकडा हलला नाही.

पलीकडे कोणी बोलत नव्हतं. लहू गेला होता, आणि आपण एकोणीस दिवस त्याला 'नखरे पुरे' म्हणत होतो. सणस रडला. मग डोळे पुसून त्याने तारेचा फोन उचलला.

"साहेब, उद्या उतरू नका."

"का? रोज अहवाल येतोय की!"

"तो यंत्र देतंय, साहेब. लहू नाहीये. रस्त्याचं आपल्याला काहीच माहीत नाही."

"हे कशावरून म्हणताय?"

"खड्यांवरून," सणस म्हणाला आणि सगळं सांगितलं. "पण कपारीत माणसं पाठवा, साहेब."

"लहू नाही, मग कपारीत कशाला जायचं?" मेजरांनी विचारलं. "प्रेत आणायला?"

"हो साहेब. त्याला तिथे ठेवू नका."

चौथ्या दिवशी तुकडीने लहूला स्ट्रेचरवरून तळावर आणलं. पाय मोडलेला, गालफडं बसलेली, पण जिवंत.

वादळात पुनर्क्षेपक बर्फाखाली गाडला गेला होता. तेव्हापासून दोन्ही यंत्रं एकमेकांच्या शांततेला होकार समजत होती. सणसच्या खोपीत लहूचा अंदाज बोलत होता, तसा लहूच्या कपारीत सणसचा.

"पुलाजवळ नवी छावणी पडली, पन्नासेक माणसं, हे मी वादळानंतर लगेच कळवलं," खाटेवरून लहू सांगत होता. "तुम्ही म्हणालात, थांबवतो तुकडी. बरं झालं थांबवलीत."

सणस स्टुलावर बसला.

"आणि घसरून पडलो तेव्हा वाटलं, संपलं. झोप यायला लागली. तुम्ही किती बोललात, उस्ताद! म्हणालात, लेकरा, झोपू नकोस, मी आहे इथे, तुला घेतल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. त्याच्यावर काढले मी दिवस." लहू जरा थांबला. "मुजावर बाईंचा फोन आला होता. त्या म्हणतात, ते तुम्ही नव्हतात. खरंय?"

सणसने जन्मात कुठल्याच शिपायाला लेकरा म्हटलं नव्हतं. तो शब्द फोनवर फक्त मुलीसाठी होता. डब्याने तो तिथून उचलला होता आणि लहू विव्हळला तेव्हा हा माणूस हेच म्हणेल असा अंदाज केला होता.

लहू उत्तराची वाट बघत होता. "नखरे पुरे" एवढंच सणसच्या तोंडावर आलं. त्याने ते गिळलं.

"मीच होतो, लेकरा," तो म्हणाला.

यंत्राचा अंदाज चुकला नव्हता. फक्त माणसाला तिथवर पोचायला उशीर झाला होता.