कपाटाची कडी

तिनं दार ढकललं आणि पलीकडे ते कुणाच्या तरी कपाळावर धाडकन आपटलं. हातातले कागद सावरत एक तरुण खाली बसला. साहेबलोकांच्या नाटकात संवाद उतरवून द्यायला आणि पडद्याआडून आठवण करून द्यायला नेमलेला हा कारकून.

“हे दार आत उघडायला हवं,” तो कपाळ चोळत म्हणाला. “पुस्तकात तसं लिहिलंय.”

“लिहिणाऱ्यानं मडमेचा घेरदार झगा पाहिला नसेल. दार बाहेरच उघडणार.”

ती नाटकघरातल्या सुताराची मुलगी. या इंग्रजी फार्सची तीन दारं आणि एक कपाट बापलेकीनं मिळून उभं केलं होतं. त्यानं दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि मुकाट्यानं पुस्तकात दुरुस्ती केली. ते तिला आवडलं.

तालमीत तिची आणि कारकुनाची जागा एकच – कपाटामागची अरुंद बोळकांडी. नाटकात प्रियकर झालेला कप्तान कपाटात लपायचा. त्यानं टकटक केली, की तिनं मागून दोरी ओढून कडी सोडायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. सगळे हसले, की ती कारकुनाकडे बघायची आणि तो कुजबुजायचा.

“जावई सासऱ्यालाच नोकर समजतोय.”

“मग हे आधी सांगायचं ना. सगळ्यांचं झाल्यावर मी एकटीच हसते, वेड्यासारखी.”

“म्हणून तर उशिरा सांगतो. मग फक्त तुमचंच हसणं ऐकू येतं.”

ती उगाच कडी तपासत राहिली. कडीला काही झालं नव्हतं.

अशात त्याला दूरच्या कोर्टात दुभाष्याची नोकरी लागली. खेळ संपले, की सोमवारी निघायचं. ती “बरं झालं” म्हणाली आणि त्या दिवशी तिनं दोन खिळे वाकडे ठोकले.

पहिला खेळ दुपारचा. नाटकघर खचाखच भरलेलं. कप्तान कपाटात शिरला, सासरा पाय आपटत खोली धुंडाळू लागला, आणि तिच्या कानाशी कुजबूज आली – “तुम्हाला सोडून जायला माझं मन घेत नाही.”

हे कोण कुणाला म्हणालं? सासरा... नोकराला? पण रंगमंचावर तर कुणीच बोलत नव्हतं.

कप्तानानं टकटक केली. पुन्हा केली. मग दोन्ही मुठींनी कपाट बडवलं. प्रेक्षकांची हसून हसून पुरेवाट झाली. ती भानावर आली, दोरी ओढली, तसा कप्तान थेट सासऱ्याच्या पायांवर कोसळला.

पडदा पडल्यावर कप्तान घामाघूम होऊन मागे आला. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मान खाली घातली. ती पुढे झाली.

“दोरी माझ्या हातात होती. चूक माझी.”

कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं... जरा लांबवूनच. कप्तानानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, खदखदून हसला आणि काहीतरी बोलून निघून गेला.

“काय म्हणाले?”

“उद्याही कपाट एवढाच वेळ बंद ठेवा.”

“आणि तुम्ही काय सांगत होतात?”

“चूक तुमची नाही, माझी, म्हणून. आणि... ती का झाली, तेही.”

“त्यांना सांगून काय उपयोग? आप्पांना सांगा. सोमवारच्या आधी. मला यायचंय तुमच्याबरोबर.”

आप्पा बाकावर बसून घाम पुसत होते. त्यांनी सरकून जागा दिली. तो बसला, घसा साफ केला, आधी कोर्टाबद्दल बोलला, मग तिथल्या रस्त्यांबद्दल, मग पाण्याबद्दल. ती तिथून हलली नाही.

“मुद्द्याचं,” ती हळूच म्हणाली.

आणि त्यानं मुद्द्याचं सांगितलं.