दोन आठवड्यांचा समुद्र

"ताई, चोर कोण ते मला माहीत आहे. मला फक्त पुरावा हवाय," जागृती म्हात्रे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

चोर माहीत असेल तर गुप्तहेराकडे कशाला यायचं, असा प्रश्न धनेशला पडला. पण तोंडात घावन होतं, त्यामुळे प्रश्न आतच राहिला. धनेश म्हणजे केसर घरत यांचा मावसभाऊ. अलिबागच्या कोर्टामागच्या त्यांच्या ऑफिसचं कुलूप उघडायचं, गाडी चालवायची आणि ताईंनी विचारलं की चुकीचं उत्तर द्यायचं, ही त्याची कामं. तिन्ही तो मनापासून करी.

"बसा आधी," केसरताई म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांगा."

जागृतीची मोबाइल अ‍ॅप बनवणारी छोटी कंपनी होती. ती स्वतः, साहिल आणि अमिषा, एवढीच माणसं. रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीला अ‍ॅप हवं होतं. बर्फाची मागणी, माशांचे भाव आणि मुख्य म्हणजे होडी कुठे आहे ते किनाऱ्यावर कळावं. दोन कंपन्यांनी कामाचा आराखडा आणि किंमत बंद पाकिटात दिली. काल सोसायटीच्या सभेत पाकिटं फोडली तर नवी मुंबईच्या कंपनीचा आराखडा हुबेहूब जागृतीचाच!

"तीच कामं, तोच क्रम, तितकेच आठवडे. फरक एकाच ठिकाणी. नेटवर्क नसताना भर समुद्रातून होडीचा ठावठिकाणा कळवायचा, त्या भागाला आमचे सहा आठवडे, त्यांचे दोन. म्हणून किंमतही त्यांची कमी."

"आणि चोर?"

"साहिल. त्याचा जिवलग मित्र त्या कंपनीत आहे. चेअरमन धर्माजी नाखवा म्हणाले, तुमच्या घरातूनच फुटलंय, कोण ते आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दोघंही बाद. मी तिथेच साहिलचं नाव घेतलं."

"भर सभेत? पुरावा नसताना? तो मुलगा कुठला?"

"रेवदंड्याचाच," जागृती हळूच म्हणाली.

धनेशने उरलेलं घावन ताटलीत ठेवलं. गावातल्या पोराला गावासमोर चोर ठरवायचं म्हणजे त्याने तोंड कुठे दाखवायचं?

जागृतीच्या ऑफिसबाहेर साहिल जिन्यावर बसला होता. आत यायची त्याला बंदी होती. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल.

"मित्र आहे, नाही कुठे म्हणतोय?" तो केसरताईंना म्हणाला. "पण कामाचं अक्षर बोललो नाही. सगळे आकडे मला तोंडपाठ होते, हे खरं. आता गावात कोणी हाक मारत नाही. नोकरी गेली तर दुसरी मिळेल हो. नाव कुठून आणू?"

आत अमिषा होती. स्क्रीन कशा दिसतील ते ती ठरवायची. धनेशला ती पाहताक्षणी संशयित वाटली, कारण ती घाबरली नव्हती.

"मागच्या महिन्यात त्याच कंपनीत मुलाखत दिली मी," तिने स्वतःहून सांगून टाकलं. "घेतलं नाही मेल्यांनी. त्यांना मी आराखडा देईन? प्यायला पाणीही देणार नाही."

"आराखडा ठरला तेव्हा कोण होतं?"

"आम्ही तिघं. आणि होड्यांची माहिती द्यायला सोसायटीची तेजस्वी. फळ्यावर एकेक काम लिहायचं आणि किती आठवडे ते तिघांनी एकदम बोटांनी दाखवायचं. बोलायचं नाही, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बदलत नाही. सगळीकडे आमचं एकच आलं. समुद्राच्या भागाला मात्र माझी बोटं बघून हे दोघं हसले. हसा म्हटलं. आकडा माझाच लागणार होता."

"आणि लिहिलं कोणी?"

"मी. घरी, एकटीने," जागृती म्हणाली. "पाकीटही मीच चिकटवलं."

केसरताई उठल्या. "इथून रेवदंड्याला किती वेळ?"

कोणी बोललं नाही. दारातून साहिलने तीन बोटं वर केली, अमिषाने पाच. जागृतीने लगेच फोन लावला. "नाखवा, पन्नास मिनिटांत पोचतो."

"तीन आणि पाच," धनेश गाडीत बसता बसता कुरकुरला. "मग चाळीस सांगायचं ना! ही कुठली तऱ्हा?"

"धन्या," केसरताई एकदम खूश होऊन म्हणाल्या, "आज तू कामाचं बोललास."

आपण काय बोललो ते धनेशला चौल येईपर्यंत उमगलं नाही. नंतरही नाही.

सोसायटीच्या ऑफिसात तेजस्वीने कोकम सरबत पुढे केलं. पंचविशीची, नीटनेटकी मुलगी.

"मला त्यातलं काय कलतंय, ताई? सगले मुके बसलेले, नुसती बोटं दाखवत व्हते. मी आपली होडीचं विचारलं की सांगायची. मग निघून आली."

"सहा आठवडे जास्त वाटतात का गं?"

"जास्त न्हाय तं काय?" तिचा आवाज चढला. "तवर हंगाम सुरू व्हतो. होड्या काय आंधल्या जायच्या? माझा भाऊ हाय होडीवर. गेल्या साली एक अख्खी रात्र पत्ता नव्हता त्याचा. आय दारात बसून व्हती."

केसरताईंनी सरबत संपवलं आणि पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. साहिल मागच्या भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या आसपासची जागा रिकामी होती. पोराचं काही खरं नव्हतं.

"फोडणाऱ्याने सगळं बरोबर फोडलं," केसरताईंनी सुरुवात केली. "एकच गोष्ट चुकली. समुद्राचे आठवडे."

"स्वस्त करायला कमी केलं असंल त्यांनी," धर्माजी नाखवा म्हणाले.

"तसं असतं तर चार ठिकाणी थोडंथोडं कापलं असतं. बाकी कुठे एका आठवड्याचाही फरक नाही. म्हणजे त्यांनी मुद्दाम कापलं नाही, त्यांना आकडाच दोन असा मिळाला. आता हा दोन आला कुठून? जागृती, त्या भागाला कोणी किती बोटं दाखवली?"

"मी दोन. साहिलने दोन. अमिषाने सहा."

"आणि तुम्ही लिहिले सहा. का?"

"आमची पद्धतच आहे. जो सगळ्यात जास्त घाबरतो, त्याला काहीतरी दिसलेलं असतं. आम्ही त्याचाच आकडा धरतो."

"आज दुपारीही तेच. तीन आणि पाच, तुम्ही विचार न करता पाच धरले. ही पद्धत साहिलला माहीत आहे, अमिषालाही. दोघांपैकी कोणी फोडलं असतं तर सहाच फुटले असते. पण ज्याने नुसती बोटं पाहिली आणि पद्धत माहीत नाही, तो काय धरेल? दोघं दोन म्हणतात, एक सहा. म्हणजे दोन!"

"बोटं दाखवली तिघांनी," धनेश पुटपुटला, "आणि पाहिली..." तो चक्क स्वतःच दचकला. "चौघांनी!"

सगळ्या माना तेजस्वीकडे वळल्या. ती उभी राहिली.

"पैसं न्हाय घेतलं मी," ती म्हणाली. "आयची शपथ. नवी मुंबईवाले बोलले, हंगामाच्या आधी देतो, फक्त काय काय करायचं नि किती दिवस ते सांग. मला वाटलं, लवकर व्हईल. भाऊ जायच्या आधी व्हईल."

मागून साहिल बोलला. रागाने नव्हे, थकून.

"तेजस्वी, मी दोन दाखवले ते चुकून. अमिषाने नंतर पटवून दिलं. दोन आठवड्यांत केलेलं खाडीत नीट चाललं असतं. बाहेर, जिथे तुझा भाऊ जातो, तिथे गप्प बसलं असतं. आणि तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवून झोपला असता."

तेजस्वी मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

धर्माजींनी घसा खाकरला. "नवी मुंबईवाले बाद. हिचं काय करायचं ते आमी बघू, पोर आमची हाय. जागृतीताई, काम तुमचं." मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. "पन काल ह्याच जागंवर तुमी त्याला चोर बोललाव."

जागृती उठली. "साहिल चोर नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी त्याला एकदाही विचारलं नाही आणि त्याचं नाव घेतलं. चूक माझी. साहिल, उद्यापासून ये. पाया पडते तुझ्या."

"माझ्या नको," साहिल म्हणाला. "काल हे ऐकून आई आजीकडे निघून गेली, काशीदला. माझा फोन उचलत नाही. तुमचा उचलेल."

त्याने नंबर सांगितला. जागृतीने तिथेच फोन लावला. पलीकडे घंटी बराच वेळ वाजली, मग एक बाई दबक्या आवाजात "कोन?" म्हणाली.

"काकी, मी जागृती," ती म्हणाली. मग साहिलकडे बघत म्हणाली, "काकी, घरी या. मी खोटं बोलले होते."