मीराचा शेवटचा प्रश्न

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी हे ऐकलंय. माझ्या या कानांनी.

साल १९८५. नाहूरला आमची बैठी चाळ.

आणि रात्र नव्हती ती... भरदुपार होती.

घरात आई, बाबा, प्रेमाताई, मी आणि सगळ्यात धाकटी मीरा. मिल बंद पडल्यापासून बाबा भांडुपच्या एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन होते. ताई मात्र मेडिकलला लागली होती. अख्ख्या चाळीतली पहिली डॉक्टर होणार होती ती.

त्या वर्षी तिला जंतूंचा विषय होता. कुठला जंतू मायक्रोस्कोपखाली कसा दिसतो, शरीर त्याच्याशी कसं लढतं, सगळं तोंडपाठ करायचं. मीरा पुस्तक घेऊन समोर बसायची आणि परीक्षक व्हायची. इंग्रजी अक्षरं जुळवत, अडखळत.

"ताई, अँटीबॉडी म्हणजे काय?"

"आपल्या अंगातले वॉचमन. जंतू घुसला की पकडतात."

"बाबांसारखे? मग दिवसा घोरतात का गं ते?"

ताई हसून लोळायची.

श्रावणात मीराचा घसा धरला. ताप आला. मान सुजली. ताईने बॅटरीच्या उजेडात तिचा घसा बघितला. आत राखाडी पडदा धरला होता.

घटसर्प.

लहानपणी मीरा गावी आजीकडे होती, तेव्हा तिच्या लशी राहून गेल्या होत्या. हॉस्पिटलात घशातला नमुना तपासला. जंतू तोच निघाला. अँटीटॉक्सिनची इंजेक्शनं दिली. पडदा गेला, ताप उतरला, मीरा घरी आली. पेज मागून खायला लागली. आम्हाला वाटलं, सुटलो.

डॉक्टरांनी फक्त एक बजावलं होतं. जंतूचं विष हृदयाला लागलेलं असू शकतं. पोरीला अंथरुणातून उठू देऊ नका.

एका दुपारी ताई एकटीच पुटपुटत पाठ करत होती. मीराला राहवलं नाही. फळीवरचं पुस्तक काढायला ती उठली.

"थांब ना ताई, मी विचारते."

आणि तिथेच कोसळली.

आईने तिला मांडीवर घेतलं. गदागदा हलवत ओरडत राहिली, "तुका सांगितलेलंय ना गो, उठू नको म्हणान!"

मीराच्या कानावर पडलेलं ते शेवटचं वाक्य. पडलं असेल तर.

त्यानंतर ताईने पुस्तकाला हात लावला नाही. परीक्षा तोंडावर आली, बाबांनी हात जोडले, तेव्हा कुठे ती बसली. मी स्वयंपाकघरात असायचो. मध्ये नुसता पडदा.

ताई पाठ करायची. मग थांबायची... मग उत्तर द्यायची. परत थांबायची... परत उत्तर.

कुणीतरी विचारत असल्यासारखी.

मी मनाची समजूत घातली. सवय आहे, बाकी काय.

मग ती दुपार आली. आई बाहेर नळावर होती. बाबा झोपले होते. आणि अचानक सगळं गप्प झालं. नळाचा आवाज नाही. पोरांचा कालवा नाही. बाबांचं घोरणंसुद्धा बंद...

पडद्यापलीकडून आवाज आला.

"ताई... औषध दिलेलं ना? मग?"

मीरा होती.

पडदा सारायला मी धजलो नाही. ताई मात्र अगदी शांतपणे बोलली.

"ते औषध रक्तातलं विष पकडतं, बाळा. हृदयाच्या आत शिरलेलं नाही पकडता येत त्याला."



"मग मी उठले म्हणून नाही ना झालं? आई ओरडली ना..."

मी तोंडात मूठ कोंबली.

ताईचा आवाज फाटला. "नाही गं सोनू. उठली नसतीस तरी झालंच असतं. तू काहीच केलं नाहीस. काही म्हणजे काहीच नाही."

एक श्वास ऐकू आला... दमलेलं पोर झोपताना सोडतं ना, तसा.

मग नळ वाहायला लागला. बाबा घोरायला लागले.

मी पडदा सारला. ताई एकटीच होती. चटईवर पुस्तक उघडं होतं, पण तिच्याकडून उलटं. समोर बसलेल्याला वाचता येईल असं.

पुन्हा कधी तो आवाज आला नाही. ताई पास झाली. मुलांची डॉक्टर झाली, मुलुंडला दवाखाना टाकला. आई-बाबा गेले. एकदा मी धीर करून तिला विचारलं, "ताई, तू तेव्हा मीराला खरं सांगितलंस ना?"

घरात आम्ही दोघंच होतो. तरी तिने आजूबाजूला बघितलं. माझ्या कानाशी वाकली.

"झोपून राहा असं आम्ही उगीच सांगतो का रे, नंदू? कदाचित वाचली असती. कदाचित नसती. मला नाही माहीत."

तेव्हापासून ही गोष्ट मी घरात बसून कुणाला सांगत नाही. आत्तासुद्धा बाहेर, बागेतल्या बाकावर बसून लिहितोय. शब्द मनातल्या मनात जुळवत, तोंडाने न उच्चारता.

चुकून मीराच्या कानावर गेलं तर...