अकरा महिन्यांचा थर

माणूस खोटं बोलतो, खडा बोलत नाही, हे मिरजेत आता शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. पूर्वी पित्ताशयातला खडा काढला की बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवत आणि मग फेकून देत. आता तो वाचत. लग्न जुळवताना पत्रिकेचं राहू द्या, मुलाच्या आजोबांचा खडा वाचलाय का, असं विचारणारे महाभागही निघाले होते. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

कल्पना साधी होती. खडा एका दिवसात होत नाही. पित्तातला मेदाचा अंश एखाद्या बारीक कणाभोवती धरू लागतो आणि थरावर थर चढत जातात, आठवड्याला साधारण एक. त्या आठवड्यात रक्तात जे असेल, औषध म्हणा, विष म्हणा, त्याचा माग त्या थरात कायमचा कोंडला जातो. स्तरवाचक नावाचं यंत्र खडा न फोडता हे थर उलगडून दाखवी. त्या नोंदीला डॉक्टर लोक पित्तरोजनिशी म्हणत. आपण रोजनिशी लिहितोय हे लिहिणाऱ्याला मात्र ठाऊक नसे.

अन्वी भोकरे त्या दुपारी डॉक्टर मुजावरांच्या वाचनकक्षात बसली होती. तिच्या मांडीवर संमतीपत्र होतं आणि त्यावर अजून सही नव्हती. तिची आई, तेजस्विनीबाई, वय चौऱ्याहत्तर. तीन दिवस उलट्या आणि फुगलेलं पोट. सकाळीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि ती अजून गुंगीत होती. डॉक्टरांनी काचेची बशी पुढं सरकवली. तीत आवळ्याएवढा खडा होता.

“हा आतड्यात सापडला,” ते म्हणाले.

“पण खडा पित्ताशयात असतो ना?”

“असतो. इतका मोठा झाला की पित्ताशय सुजतं, शेजारच्या आतड्याला चिकटतं आणि खडा भिंत झिजवून पलीकडं उतरतो. मग लहान आतड्यातून सरकत जातो, आणि ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथल्या अरुंद दारात अडकतो. आतडं अडायचं हे फार दुर्मिळ कारण. तीस वर्षांत मी पाच पाहिलेत. पण ताई, भिंत झिजताना माणूस गडाबडा लोळतो. तुमच्या आई कधी काही बोलल्या नाहीत?”

“आईचा स्वभावच सोशिक आहे,” अन्वी म्हणाली.

डॉक्टरांनी चिमट्यानं खडा फिरवला. “ही बाजू बघा, सपाट आहे. एकटा खडा गोल वाढतो. सपाट बाजू म्हणजे शेजारी जोडीदार होता, दोघं एकमेकांना घासत होते. तो अजून आत असणार. फोटोत दिसत नाही, कारण तो पित्तात पित्तासारखाच दिसतो. केवढा आहे ते हाच खडा सांगेल. बारका असेल तर आईंचं पोट पुन्हा उघडणार नाही. मोठा असेल आणि आपण थांबलो, तर तोही याच वाटेनं येईल. तेव्हा त्या टिकायच्या नाहीत.”

“मग वाचा ना.”

“वाचन अर्धंमुर्धं होत नाही. सगळं निघतं, आणि पेशंटच्या हातात द्यावं लागतं. कायदाच आहे तसा.”

अन्वीच्या पर्समध्ये शमनीची बाटली होती. शमनी म्हणजे चित्त शांत करणारे थेंब, दुखणंही त्यात बोथट होई. दहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आई पार बदलली. ओरडायची, भांडी आपटायची, शेजाऱ्यांशी भांडायची. उजव्या बरगडीखाली हात दाबून म्हणायची, “इथं दुखतंय, किती वेळा सांगायचं?” दुःखानं डोकं फिरलं, असं सगळे म्हणाले. अकरा महिने अन्वीनं काढले, मग ताकात चार थेंब घातले. आठवड्याभरात जुनी, गप्प आई परत आली. अन्वीला त्या दिवशी आनंदानं रडू आलं होतं. त्यानंतर एक दिवस चुकला नव्हता.

आता सही केली तर आईला कळणार होतं, आणि नाही केली तर आई जाणार होती. अन्वीनं सही केली.

तासाभरानं डॉक्टर पडद्यावरचे थर बोटानं दाखवत होते. “जोडीदार मोठा आहे, बोराएवढा तरी. उद्या काढू. आणि हे बाहेरचे तांबूस थर, नऊ वर्षांचे. शमनी.”

अन्वी खाली बघत म्हणाली, “मी देत होते. तिला न सांगता.”

“बाहेरची तुम्ही दिलीत,” डॉक्टर म्हणाले. “मधे हा पांढरा थर, अकरा महिन्यांचा. आणि त्याच्या आत पुन्हा तांबूस. तेच औषध, पार बीजापर्यंत. अठरा वर्षं. खडा धरायच्या आधी किती, ते खडा सांगू शकत नाही.”

“ते आतलं औषध थांबलं कधी?”

“ऑगस्टचा दुसरा आठवडा.”

बाबा नऊ ऑगस्टला गेले होते. रोज सकाळी बाबा स्वतः चहा करून आईच्या हातात देत. नवरा असावा तर असा, असं सगळी गल्ली म्हणायची. अन्वीला कळायला लागल्यापासून तो चहा होता. म्हणजे ती जिला आई म्हणत आली, ती सोशिक बाई बाबांनी केलेली होती. खरी आई अकरा महिने घरात वावरली, तोंडानं सांगत राहिली, आणि पोटच्या मुलीनं तिला आजार समजून गप्प केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अन्वीला स्वतःची किळस आली.

दुसरा खडा निघाला. शमनी बंद झाली. सहाव्या दिवशी अन्वी खड्याच्या वाचनाचं बंद पाकीट घेऊन वॉर्डकडं निघाली, तेव्हा आईचा आवाज जिन्यापर्यंत येत होता, चढा आणि खणखणीत. दारातच परिचारिका भेटली.

“ताई, आजी फार आरडाओरडा करताहेत. बाकीचे पेशंट तक्रार करतात. शांत करायला काही देऊ का? तुमची सही लागेल.”

अन्वीचा हात सवयीनं पेनाकडं गेला. तो तिनं मागं घेतला. “नको,” ती म्हणाली, पण आत जायला पाय उचलेना. आतल्या बाईची तिला भीती वाटत होती. तिला काय आवडतं, तिला कशाचा राग येतो, हेसुद्धा अन्वीला ठाऊक नव्हतं.

आईनं मान वळवली. तिचे डोळे लख्ख होते.

“अन्वे, लांब का उभी? इथं दुखतंय,” ती म्हणाली. “किती वेळा सांगायचं?”