गालातला ठोका

घड्याळजीचा डावा डोळा आपोआप मिटू लागला, तेव्हा घरात आधी थट्टाच झाली. "या वयात डोळे कोणाला मारताय?" असं बायको म्हणाली आणि तोही हसला. पुढे गाल फडफडू लागला, ओठ कानाकडे ओढला जाऊ लागला, डोळ्यावर भिंग टिकेना. मग मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूपाशी एक रक्तवाहिनी वाकडी होऊन चेहऱ्याच्या नसेवर आपटतेय. मध्ये छोटीशी गादी ठेवली की झालं.

ऑपरेशन झालं आणि फडफड थांबली. रिपोर्ट कपाटात गेला. बरं झालेलं दुखणं कोण वाचत बसतं?

महिन्याभराने एका दुपारी तो एका जुन्या घड्याळाची चाल तपासत होता. कान घड्याळाला, बोट स्वतःच्या नाडीवर, ही वडिलांनी लावलेली सवय. समोर लेक गृहपाठ करत होती. तिचा डावा डोळा मिटला. पुन्हा मिटला.

"डोळा का मारतेस गं?"

"मी कुठे... तो आपोआप मिटतोय, बाबा."

बोट नाडीवरच होतं. ठोका पडला की डोळा मिटे. आयुष्यभर ठोके ऐकलेल्या माणसाची यात चूक होणं शक्य नव्हतं. त्याच्या छातीत धडधडू लागलं, तसा तिचा गालही भराभर उडू लागला.

"बाबा, घाबरू नका ना... तुम्ही घाबरलात की जास्त ओढतं."

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"ती गादी काढून टाका. माझं दुखणं मला परत द्या... पोरीला नको."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"गादी? तुम्ही रिपोर्ट वाचला नाहीत का? उघडून पाहिलं, तर नसेला काहीच टेकलेलं नव्हतं. आम्ही काही न ठेवता तसंच बंद केलं..."

त्याने फोन खाली ठेवला. लेकीसाठी तरी शांत व्हायला हवं होतं. डोळे तिच्यावर ठेवून, स्वतःचं मनगट धरून तो सावकाश श्वास घेऊ लागला. ठोके मंदावले. गालही मंदावला. त्याला हायसं वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं. आता आधी गाल हलत होता, आणि मागून त्याच्या मनगटात ठोका पडत होता.

"थांबलं, बाबा!" लेक हसून म्हणाली.

घड्याळजी नाडीवर बोट ठेवून वाट पाहत राहिला.