अर्थिंगला दोन बादल्या पाणी

"ओ मॅडम! उतरा खाली! आधी उतरा!"

मी दचकले, स्टूल डगमगलं. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात फ्यूज... आणि दारात एक उंच, सावळा मुलगा, खांद्यावर अवजारांची पिशवी. शेजारच्या उत्तमरावांचा पंखा दुरुस्त करायला आला होता. आमचं उघडं दार दिसलं म्हणून डोकावला.

"तुम्ही कोण?"

"वायरमन. पियुष. वलगावचा. मेन बंद केलं काय तुमी?"

"...मेन कुठे असतं?"

त्याने कपाळाला हात लावला. आणि मी, अबोली, एम.कॉम. फर्स्ट क्लास, चक्क लाजले. मी फ्यूजला गुंडाळलेली तार त्याने उजेडात धरून पाहिली.

"हे तार हाय का दोरखंड? एवढ्या जाड तारेनं फ्यूज नाही उडत मॅडम, घर उडते."

मला इतकं हसू आलं म्हणून सांगू! आतल्या खोलीतून बाबा घाम पुसत बाहेर आले. अमरावतीचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर आणि कूलर लावला की फ्यूज उडालाच. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच आणि दोघंही विजेच्या बाबतीत ढ. बाबांनी तिथल्या तिथे ठरवलं, अख्खा बोर्ड बदलून टाकायचा.

चार दिवस काम चाललं. लाकडी बोर्ड आणि चिनीमातीचे फ्यूज गेले, नवी पांढरी पेटी आली. प्रत्येक खोलीला वेगळा स्विच आणि प्रत्येक स्विचखाली नावाची पट्टी.

"हे खोली कोनाची?"

"माझी."

"मंग काय लिहू? मॅडम?"

"अबोली लिहा."

"दिवसभर टकटक करता, अन् नाव अबोली!" तो हसला. पण ती पट्टी त्याने दोनदा लिहिली. पहिलीतलं अक्षर त्याला पसंत पडलं नाही म्हणे. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी... चहा निवला तरी.

शेवटच्या दिवशी त्याने परसात खोल खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली.

"हे अर्थिंग. लाइन कुठं लीक झाली तर करंट मानसाच्या अंगातून न जाता मातीत गेला पाह्यजे. पन आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अन् कोरडी माती करंट घेत नाही. रोज संध्याकाळी दोन बादल्या पानी टाकाचं. झटका बसाच्या आदी लाइन पाडते तो स्विच अकोल्याहून येनार हाय, पुढच्या शुक्रवारी लावतो. तवरक पानी चुकवाचं नाही."

"आणि विसरले तर?"

"फोटो पाठवा रोज."

घ्या! लोकांच्या मुली कसले कसले फोटो पाठवतात. मी अर्थिंगचे पाठवले. त्याचं उत्तर लगेच यायचं. "मस्त. आज दोन तांबे जास्तच टाकलं." मग "जेवल्या काय?" मग एकदा "आठवन येऊन राहिली"... आणि लगेच मेसेज डिलीट. पण मी वाचला होता! त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून हसले. प्रेमात पडले होते मी, दुसरं काय!

पण शुक्रवारी स्विच लागला की काम संपणार. मग तो कशाला येईल? मला एक युक्ती सुचली. अर्थिंग बिघडलं तर त्याला पुन्हा पुन्हा यावंच लागेल ना? मी पाणी टाकणं बंद केलं. संध्याकाळी जुनेच फोटो पाठवले. चार दिवस. काय तरी अक्कल माझी!

शुक्रवारी तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला. सरळ परसात गेला, मीटर लावलं आणि तिथेच थबकला.

"पानी टाकून राहिले न तुमी?"

"हो की! फोटो नाही का पाठवले?"

मीटरकडे पाहत तो उठला, घरात आला आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला. बाबा नेहमीप्रमाणे चालू कूलरमध्ये पाणी भरायला निघाले होते. अनवाणी, ओल्या फरशीवर, हातात पाइप... दुसरा हात पत्र्याकडे.

"काका! हात नका लावू!"

त्याने झेप घेऊन मेन पाडलं. घर गप्प झालं. कूलरच्या पंपाची वायर आतून कुजली होती आणि करंटला मातीत जायला वाट नव्हती. बाबा मटकन खाली बसले. आणि मी, मूर्ख मी, रडत हसत बोलून गेले, "मीच पाणी टाकलं नाही... तुम्ही यावं म्हणून."

त्याने टेस्टर खिशात घातला.

"माही माय मैनाबाई कूलरनंच गेली," तो म्हणाला. "मी बारावीले होतो. अर्थिंगले पानी टाकाचं काम माह्याकडं होतं. दोन दिवस क्रिकेटच्या नादात राहिलो." त्याने पिशवीतून पक्कड काढली. "मी विसरलो होतो, अबोली. तुमी विसरल्या नाही."

त्याने खाली मान घालून पंपाची वायर बदलली, नवा स्विच बसवला, बटण दाबून तपासला. अवजारं पिशवीत भरली.

"आज काकांशी बोलाले आलो होतो मी," जाता जाता तो म्हणाला. "आपल्याबद्दल." आणि गेला. ओट्यावर त्याचा चहा तसाच राहिला.

मी बावीस दिवस रोज दोन बादल्या ओतल्या, रोज ताजा फोटो पाठवला. 'माफ करा' असंही किती वेळा लिहिलं. दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. मृग लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात अकोल्याच्या बँकेत माझी नेमणूक झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा फोटो पाठवला. बादली घेतलेले बाबा, आणि खाली, "उद्या अकोल्याला चालले. आता बाबा टाकतील."

बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग उत्तर आलं.

"तिथलं अर्थिंग पाहून घेजा. अन् आता फोटो नका पाठवू. तुमी पानी टाकसान, मले माहीत हाय."

मी ते किती वेळा वाचलं, माझं मलाच ठाऊक. त्याने माफ केलं होतं. आणि निरोपही दिला होता.

अकोल्याच्या खोलीवर पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. बॅग न उघडताच मी घरमालकीण सत्यवतीबाईंना विचारलं, "काकू, अर्थिंग कुठे आहे?"

"बाप्पा!" त्या हसल्या. "आजवर जो आला त्यानं नळ कुठं इचारलं. अर्थिंग कोनी नाही इचारलं! काहून व?"

"असंच."

घरामागची माती इतकी भेगाळली होती की बोट आत जात होतं. मी दोन बादल्या ओतल्या. माती घटाघटा पाणी पीत होती आणि मला रडू आवरत नव्हतं. सवयीने मोबाइल हातात घेतला... पण फोटो काढला नाही. रिकामी बादली उचलली आणि आत गेले.